पूजेच्या नाटकातला हिरो

व्हिक्टोरियन कादंबरीतली दुष्ट माणसं कुरूप का असतात, हा प्रश्न आमच्या परीक्षेत दर एक-दोन वर्षांनी यायचा. मी मुलांना त्याचं तयार उत्तर देऊन ठेवलं होतं. राणीच्या काळातल्या इंग्रजांना वाटायचं, माणसाचं वागणं त्याच्या चेहऱ्यावर उमटतं. म्हणून खलनायक वाकड्या खांद्याचा आणि अनाथ मुलगी नितळ कांतीची. शतक संपत आलं तशी काही लेखकांनी ही समजूत उलटी करून पाहिली. त्यांनी देखणा तरुण घेतला, सगळं शहर त्याच्या चेहऱ्यावर भाळवलं, त्या चेहऱ्यापायी त्याला सगळं माफ करायला लावलं आणि आतून तो कसा सडत जातो ते दाखवलं. 'तारुण्याची पूजा आणि नैतिक अधःपतन' असा मथळा मी फळ्यावर लिहायचो. मुलं उतरवून घ्यायची. उपनगरातलं कॉलेज, सकाळची बॅच, निम्मी मुलं डुलक्या काढणारी.

अशा कादंबऱ्यांत आणखी एक माणूस हमखास असतो. वयाने थोडा मोठा, बोलायला हुशार. तो स्वतः काही करत नाही. आरामखुर्चीत बसून देखण्या पोराला एवढंच सांगतो की तारुण्य आहे तोवर तू कुणीतरी आहेस, ते गेलं की तुझ्याकडे काही उरणार नाही. पुढचं पोरगा करतो आणि पोरगाच भोगतो. बोलणारा शेवटच्या प्रकरणापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवायला हजर असतो. लेखकाने सगळ्यात चटकदार वाक्यं त्यालाच दिलेली असतात आणि मी ती वर्गात फार रंगून वाचायचो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, याला शिक्षा का नाही होत?"

"कारण त्याने काही केलेलं नाही," मी म्हणालो.

वर्ग हसला. ती हसली नाही. "बोलला ना पण, सर," ती म्हणाली.

मी पुढचं पान उलटलं.

चारकोपला एक बाई राहतात. एका माणसाने आपल्याला वयामुळे नाकारलं, असं त्या चाळीसहून जास्त वर्षं समजून होत्या. त्या माणसाने तसं कधीच म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं होतं, त्याच्या नावावर. तो गेल्या वर्षी वारला आणि त्याला मी हे सांगू शकलो नाही. बाईंना मात्र सांगून आलो. ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे त्याच्याबद्दल कुणी काही चुकीचं धरून बसणार नाही.

आमची चाळ विक्रोळीला. कारखान्यांच्या भिंतीपलीकडे खाडीची तिवरं, अलीकडे आम्ही. जवळजवळ सगळे कोकणातले. दर माघात चाळीची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा व्हायची आणि पूजेला नाटक. ते मी लिहायचो आणि बसवायचो. एम.ए.साठी वाचलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांची कथानकं मी सरळ उचलायचो. लंडनचा उमराव आमच्याकडे सावंतवाडीचा इनामदार व्हायचा आणि बग्गीच्या जागी बैलगाडी यायची. कुणाला पत्ता लागला नाही. मी नोकरीला लागायच्या आधीपासून चाळीत मला मास्तर म्हणत.

नायक दर वर्षी एकच. तो आमच्याच मजल्यावर राहायचा, एका कारखान्यात फिटर होता. सगळी चाळ त्याला हिरो म्हणायची. त्याची आईसुद्धा खालून ओरडायची, "हिरो, पाणी इला रे, बालदी घेऊन ये!" पुरुषाला सुंदर म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती, आम्ही 'पर्सनॅलिटी' म्हणायचो. तो कामावरून आला की नळावर तोंड धुवायचा, ओला हात केसांतून फिरवायचा आणि कठड्याला टेकून उभा राहायचा. बाकी काही नाही. पण समोरच्या चाळीतली माणसं बोलता बोलता थांबायची. मी आत दिव्याखाली वाचत असायचो आणि माझी ओळ सुटायची.

पाठांतर हा प्रकार त्याला जमला नाही. म्हणून प्रयोगात मी विंगेत उभा राहून त्याला वाक्यं पुरवायचो. पहिले दोन शब्द मी कुजबुजायचो आणि पुढचं तो भरल्या आवाजात बोलायचा. सगळा मांडव त्याच्याकडे बघत असायचा आणि त्याचा एक कान माझ्याकडे झुकलेला असायचा. आयुष्यात मला बऱ्याच गोष्टी मिळाल्या. नोकरी, घर, चांगली बायको. पण त्या झुकलेल्या कानाइतकं माझं असं काही मला पुन्हा मिळालं नाही. त्याच्याबद्दल मला जे वाटायचं त्याला आजची मुलं सरळ नाव देतात. तेव्हा माझ्याकडे ते नाव नव्हतं, आणि असतं तरी मी ते उच्चारलं नसतं.

नायिका बाहेरून आणायची. चाळीतल्या मुलीला स्टेजवर उभं करायला कुठला बाप तयार होणार? दिवाळी झाली की दिग्दर्शकाने नारळ-सुपारी घेऊन बाहेरच्या नटीच्या घरी जायचं आणि "यंदाही आमची पूजा" म्हणायचं, अशी रीत होती. तिने नारळ हातात घेतला की ठरलं. मग ती शेवटच्या काही तालमींना यायची आणि थेट प्रयोगाला.

आमच्याकडे येणाऱ्या बाई बोरिवलीला भावाच्या घरी राहायच्या. लग्न झालेलं नव्हतं, तिशी ओलांडली होती, हिरोपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. म्युनिसिपल शाळेच्या वर्गात तालीम चालायची. पहिल्याच दिवशी प्रेमाच्या प्रवेशात हिरोने त्यांचा हात असा धरला की मला बघवेना.

"अरे हिरो, हात आहे तो," बाई म्हणाल्या. "बसचा दांडा नाही."

"सॉरी ताई."

"ताई?" बाई माझ्याकडे वळल्या. "वाट लागली तुमच्या नाटकाची, मास्तर. तिसऱ्या अंकात मी याच्यासाठी विष घेणार आणि हा मला ताई म्हणतो!"

हिरो कानापर्यंत लाल झाला. त्या वर्षी त्याने प्रथमच स्वतःहून वाक्यं पाठ करायला घेतली.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी, तालीम संपवून आम्ही शाळेच्या पायऱ्यांवर बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, एक बोलू? हसायचं नाही."

"बोल."

"ती असली ना, की मला माझ्या थोबाडाची आठवण राहत नाही. तिला ते दिसतच नाही बहुतेक. परवा विचारते, लोखंडावर कानस कशी मारतोस, करून दाखव. मी स्केलपट्टी घेऊन दाखवलं. अर्धा तास बघत बसली. असं कुणी मला कधी विचारलं रे?"

मी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत तो कारखान्यात नक्की काय करतो, हे मी त्याला विचारलं नव्हतं.

"वय बघितलंस तिचं?" मी म्हणालो.

"मग?"

"आज पावडरवर चालतंय. पाच वर्षांनी तुम्ही दोघं भाजी आणायला निघालात ना, लोक तिला तुझी काकी समजतील."

"समजू देत."

"आणि तुझं काय? तुझ्याकडे दुसरं आहे काय, सांग. ना शिक्षण, ना जमीन. हा चेहरा आहे तोवर तू हिरो. नंतर तू फक्त फिटर. हे आहे तोवर वाया घालवू नको, यार."

ही वाक्यंही माझी नव्हती. ती मी इंग्रजीतून शिकलो होतो आणि मराठीत चांगली बसवली होती. हिरो उठला. त्याने वर्गाच्या खिडकीच्या काचेत स्वतःकडे पाहिलं. आधी समोरून, मग मान वळवून. लोक त्याला बघायचे, तो स्वतःला असं बघताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

तरीही तो मागे हटला नाही. पुढची दिवाळी झाल्यावर मी बोरिवलीला जायला निघालो तेव्हा तो खालपर्यंत आला. "तिला एवढंच सांग, या वेळी पूजा झाल्यावर मला तिच्याशी बोलायचंय. ती समजेल."

"आणि नाही समजली तर?"

"तू आहेस ना, प्रॉम्प्ट कर," तो हसून म्हणाला.

नारळ मी घरून निघतानाच पिशवीत घेतला होता, म्हणजे निघताना तरी सुपारी द्यायचीच होती. मन कुठे फिरलं ते मला सांगता येत नाही. बाईंच्या दारात मी उभा राहिलो, त्या ओले हात पदराला पुसत हसऱ्या तोंडाने बाहेर आल्या, आणि त्या हसण्यात माझ्यासाठी काही नाही हे मला दिसलं. त्या माझ्या मागे, माझ्याबरोबर आणखी कुणी आलंय का ते बघत होत्या.

"यंदा जरा तरुण नायिका घ्यायचं चाललंय," मी म्हणालो.

"कुणाचं चाललंय? मंडळाचं?"

"हिरोचंच म्हणणं आहे. जोडी शोभायला हवी, म्हणाला."

त्यांनी हात पुन्हा एकदा पदराला पुसले. मग म्हणाल्या, "खरंय. शोभायला हवी." मला चहा दिला. मी उठलो तेव्हा माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "सांभाळून जा मास्तर. नारळ जड असतो."

हिरोला मी सांगितलं की त्या एका नाटक कंपनीबरोबर विदर्भाच्या दौऱ्यावर निघाल्यात, तुला शुभेच्छा सांगितल्यात.

"माझा निरोप दिलास ना?"

"दिला."

"मग काय म्हणाली?"

"शुभेच्छा म्हणाली."

त्याने मान हलवली. तो बोरिवलीला गेला नाही. आधीच नाटकात काम करणारी बाई, त्यात भावाच्या घरात राहणारी. तिच्या दारात परका पुरुष जाऊन उभा राहिला तर शेजारी काय बोलतील, हे त्याला ठाऊक होतं. तिच्या अब्रूखातर तो घरी बसून राहिला. त्याचा हा चांगुलपणा मी हिशेबात धरलेला होता. खोटं बोलण्यापेक्षा मला आज या गोष्टीची जास्त लाज वाटते.

घरच्यांनी ठरवलेल्या मुलीशी त्याचं लग्न झालं. त्याने संसार नीट केला. पण शाळेच्या पायऱ्यांवर मी त्याच्यात जे घातलं होतं ते राहिलं. तो केस काळे करू लागला. चष्मा लागला तरी खिशात ठेवायचा, आणि कुणाच्या लग्नात फोटो निघाला तर आधी स्वतःला शोधायचा. मी दर वर्षी नवं नाटक लिहायचो आणि दर वर्षी त्यात पंचविशीतला नायक असायचा. चाळीलाही तेच हवं होतं. आपल्या चाळीत हिरो आहे म्हणजे आपणही अजून तेवढेच आहोत, असं काहीतरी सगळ्यांना वाटत असावं.

एका वर्षी त्याच्यासमोर कॉलेजातली पोरगी नायिका होती. प्रेमाचा प्रवेश रंगात आला होता, आणि पुढच्या सतरंजीवरून एक कोवळा आवाज आला, "ओ काका, पोरीला घरी सोडा!"

मांडव फुटेस्तोवर लोक हसले. हिरोने प्रवेश पूर्ण केला. विंगेतून मी वाक्यं देत होतो, पण त्याचा कान माझ्याकडे नव्हता. मेकअप उतरवताना तो म्हणाला, "मास्तर, तू सांगायला हवं होतंस."

"काय?"

"मी म्हातारा झालो म्हणून."

मला ते दिसलं नव्हतं. हे मी खरं सांगतो. केसांचा रंग, सुटलेलं पोट, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळ्या मांडवाला दिसलं आणि मला दिसलं नाही. मला कठड्याला टेकलेला मुलगाच दिसत होता. त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही.

पुढे चाळ पाडून टॉवर झाला. तो त्यातच राहिला, मी मुलुंडला गेलो. निवृत्त झाल्यावर दर आठवड्याला मी त्याच्याकडे जायचो. पेपर, चहा, क्रिकेट. तो आजारी पडला तेव्हाही जात राहिलो. एकदा खोलीत आम्ही दोघंच असताना त्याने विचारलं, "ती का गेली रे?"

कोण, हे विचारायची गरज नव्हती.

"दौरा होता," मी म्हणालो.

"हां. दौरा होता." त्याने डोळे मिटले. "काय ता सांग तरी, खरा काय ता. आता काय बिघडणार हा?" आजारपणात तो आईच्या बोलीत बोलायला लागला होता.

तेव्हा सांगता आलं असतं. दार लोटलेलं होतं, घाई नव्हती, त्याने स्वतःच वाट करून दिली होती. मी म्हणालो, "खरंच दौरा होता." त्यानंतर काही दिवसांतच तो गेला.

माझा चेहरा अजून चांगला आहे. "सर, तुम्ही पंच्याहत्तरीचे वाटत नाही," असं आमच्या सोसायटीतली माणसं लिफ्टमध्ये म्हणतात. राणीच्या काळातले इंग्रज चुकले होते, एवढं मी आता अनुभवाने सांगू शकतो.

जुन्या चाळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर कुणीतरी एका नाटकाचा फोटो टाकला. हिरो, बाई आणि कडेला अर्धा कापलेला मी. खाली कुणाच्या तरी सुनेने लिहिलं, 'या आजी आमच्या चारकोपला राहतात, आमच्याच सेक्टरमध्ये.' मी तिच्याकडून पत्ता घेतला. जायला मात्र बरेच दिवस लावले.

दार बाईंनी स्वतःच उघडलं. त्या भाचीकडे राहत होत्या, ती कामावर गेली होती. त्या आकसून लहान झाल्या होत्या, केस पांढरे आणि बारीक कापलेले. मला त्यांनी ओळखलं नाही, पण आवाज ओळखला.

"मास्तर! अजून जिवंत? या, आत या. आता कसली पूजा काढलीत?"

मी बसलो आणि लगेच सांगून टाकलं. थोडं थांबलो असतो तर जमलं नसतं. हिरो तसं म्हणाला नव्हता, त्याचा निरोप वेगळा होता, तो मी दिला नाही, आणि तो गेला. या क्रमाने.

बाईंनी पंखा बंद केला, जणू नीट ऐकू आलं नव्हतं. "परत सांग," त्या म्हणाल्या. मी परत सांगितलं.

"म्हणजे ते तू म्हणालास."

"हो."

"मी त्याच्यावर कधी रागावले नाही रे," त्या म्हणाल्या. त्या दिवसापर्यंत मला त्यांनी कधी अरेतुरे केलं नव्हतं. "रागावले असते तर बरं झालं असतं. मला वाटलं, पोरगा खरं बोलला. त्या वर्षापासून मी वय चोरायला लागले. नवी कंपनी आली की दोन वर्षं कमी. तोंडाला काय काय फासलं असेल! त्याच्यासारखाच कारखान्यातला एक माणूस मागणी घालत होता, चांगला होता बिचारा. त्याला मी दारात उभं केलं नाही. म्हटलं, हाही चार दिवसांनी बोलेल. मग एक दिवस आरसा काढून भाचीला देऊन टाकला."

"बाई, मी माफी..."

"ती मागायला आला असशील तर पाणी पी आणि जा. माझ्याकडे नाही ती." त्यांनी पंखा पुन्हा चालू केला. "त्याच्याबद्दल सांगणार असशील तर बस."

मी बसलो.

"म्हातारपणी कसा दिसायचा?" त्यांनी विचारलं.

"अगदी शेवटपर्यंत रुबाब होता," मी म्हणालो. "नाक तसंच धारदार, उभं राहायची ती ढब—"

"तो मला माहीत आहे. म्हातारा सांग."

 वर्षानुवर्षं दर आठवड्याला मी त्याच्यासमोर बसलो होतो आणि समोरच्या माणसावर जुना चेहरा चढवून बघत आलो होतो. बाई वाट बघत होत्या. मी डोळे मिटले आणि त्याच्या खोलीत जाऊन समोरच्या खुर्चीवर कोण बसलंय ते प्रथमच पाहिलं.

"टक्कल पडलं होतं," मी म्हणालो. "मागे थोडे केस, ते पांढरे. रंगवणं त्याने सोडून दिलं होतं. कानांतून केस आलेले. नातू ओढायचा ते."

"बरं."

"खालचे दात नव्हते. कवळी घालायचा कंटाळा करायचा. मान पुढे आली होती. पेपर वाचताना नाक कागदाला टेकायचं आणि शाई लागायची नाकाला. घरात कुणी सांगायचं नाही, दिवसभर तसाच फिरायचा."

बाईंच्या तोंडातून बारीकसा आवाज आला. हसण्याचा होता की कसला, मला कळलं नाही.

"आणि हसला की डोळे पूर्ण मिटायचे. सगळा चेहरा गोळा व्हायचा, नाक कुठे, गाल कुठे, कळायचं नाही. तरुणपणी तसा हसायचा नाही तो. फार जपून हसायचा."

"माझ्यासमोर हसायचा तसा," त्या म्हणाल्या. "तालमीत, तुझं लक्ष नसताना." मग त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "पुढे सांग. काही गाळू नको."